हळदकुंकवाचा ठपका

"सर, तुमच्या स्वतःच्या घरी कुठल्या कंपनीचं कार्ड आहे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. माझ्या मैत्रिणी ऋतिका आणि दीक्षिता यांनी पैज लावली होती, स्टेजवर जाऊन कंपनीच्या मोठ्या साहेबाला हे विचारून दाखव, आमच्या दोघींची आइस्क्रीमं तुझी. त्यांना वाटलं मी घाबरेन. सातवीत असते तर घाबरलेच असते. तेव्हा हजेरीला साधं 'उपस्थित' म्हणायला माझा आवाज निघायचा नाही आणि बाई मान वर करून मी आलेय की नाही ते बघायच्या. पण आता मी नववीत आहे, आणि त्या दिवशी खालापूरच्या त्या रिसॉर्टच्या गारठलेल्या हॉलमध्ये, पप्पांच्या शेजारी उभी राहून मी तो प्रश्न माइकवरून असा खणखणीत विचारला की मागे जेवण मांडणाऱ्या पोरांनीसुद्धा वळून बघितलं. आइस्क्रीमचं मला काही पडलं नव्हतं. मला सूड घ्यायचा होता.

कशाचा सूड, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी आगाऊ आहे. आगाऊ आहेच, पण कारण आहे.

आम्ही पोशीरचे. भातशेती आजोबा आणि काका बघतात, माझे पप्पा शूटिंग करतात. त्यांचं नाव रूपेश, पण नेरळपासून कर्जतपर्यंत कोणालाही 'शूटिंगवाले रूपेशदादा' विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. उन्हाळ्यात हळदी आणि लग्नं. त्याआधी भात झोडून शेतं मोकळी झाली की क्रिकेट. आमच्याकडे कापलेल्या शेतात पाणी मारून, रोलर फिरवून खेळपट्टी करतात आणि गावोगावच्या टीम टेनिस बॉलवर अशा काही त्वेषाने खेळतात की बाकीच्या सगळ्या मॅचेस फिक्या पडाव्यात. पप्पा मैदानाभोवती कॅमेरे लावून या मॅचेस मोबाइलवर लाइव्ह दाखवतात. आमच्या गावातला माणूस कुवेतला असो नाहीतर बोटीवर, तिकडे बसून आपल्या भावाचा सिक्सर बघतो. आणि रनआउटवरून भांडण लागलं की पंच हवेत बोटांनी चौकोन काढतात, पप्पांच्या टेबलाकडे बघतात, आणि पप्पा रिप्ले लावतात.

पप्पांच्या रिप्लेवर कधी कोणी वाद घातला नव्हता. एकदा त्यांनी माझ्या सख्ख्या काकालाच रिप्लेत बाद दाखवलं होतं. काका कितीतरी दिवस पंगतीत त्यांच्या शेजारी बसले नाहीत, पण रिप्ले खोटा होता असं तेसुद्धा म्हणाले नाहीत.

माझा आवाजही मला त्याच टेबलावर सापडला. मागच्या वर्षी एका मॅचला कॉमेंट्री करणारा आलाच नाही आणि पप्पांनी गंमत म्हणून माइक माझ्या हातात दिला. पहिली ओव्हर मी नुसती "चेंडू टाकला, चेंडू मारला" एवढंच म्हणत होते. पाचव्या ओव्हरला लोक हसायला लागले, मॅच संपेपर्यंत टाळ्या. तेव्हापासून कॉमेंट्री माझी. आता बाईच मला म्हणतात, हर्षला, जरा हळू.

आता कार्डाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत बसवलेला तो जाडजूड, पंखेवाला ठोकळा. पडद्यावर जे जे हलतं त्याचं सगळं ओझं तो उचलतो. चार कॅमेऱ्यांची चित्रं एकदम दाखवायची, रिप्ले सावकाश करून फिरवायचा, हे सगळं त्याच्या जिवावर. आणि आमच्या घरात टॉरॉन कंपनीशिवाय दुसरं कार्ड कधी आलेलंच नाही. पप्पांनी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून टॉरॉन. टेंपोच्या मागच्या काचेवर टॉरॉनचा लाल पंखा. टपरीवर कोणी दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तर पप्पा असे बिथरायचे, जणू कोणी त्यांच्या बैलजोडीला नाव ठेवलं. टॉरॉनवाल्यांनी फुकट दिलेला लाल टी-शर्ट ते हौसेने घालायचे. आई म्हणायची, लग्नात शेरवानी घालायला लाजलेला माणूस, हा टी-शर्ट घालून जत्रेत मिरवतो.

या भक्तीचे पुजारी म्हणजे हरेशकाका. कर्जतला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि ते पप्पांच्या शाळेतले बाकमित्र. त्यांनी कर्जत-खालापूरच्या गिऱ्हाइकांचा 'टॉरॉन परिवार' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढलाय. मागच्या पावसाळ्यात त्यांनीच पप्पांना टॉरॉनचं नवीन, सगळ्यात तगडं कार्ड दिलं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे ज्याच्यावर घर चालतं त्याची त्या दिवशी पूजा होते. काकांनी ट्रॅक्टर धुतला, आजोबांनी विळे-कोयते मांडले, आईने शिलाई मशीनला हार घातला. पप्पांनी कॅमेरे, ड्रोन, टेंपो सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि शेवटी कॉम्प्युटरसमोर बसले. दरवर्षी ते पेटीला बाहेरून लावायचे. यंदा त्यांनी बाजूची काच उघडली आणि थेट कार्डाच्या पाठीवर एक बोट हळद, एक बोट कुंकू टेकवलं.

"कमावतंय हे, आन् पूजा करायची बाहेरच्या पत्र्याची?" असं म्हणाले.

आईने झेंडूचं फूल मात्र आत ठेवू दिलं नाही, पंख्यात जाईल म्हणून.

त्यानंतर कार्ड दोन महिने मजेत चाललं. आणि मग आमच्याच मैदानावर फायनल झाली, पोशीर विरुद्ध वावोशी. वावोशी खालापूर तालुक्यात आहे, आणि त्यांची टीम म्हणजे काय ते मैदानात उतरल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या चेंडूवर निदान बरोबरी साधायला त्यांना दोन धावा हव्या होत्या. त्यांच्या बॅट्समनने चेंडू लाँगऑनला ढकलला, एक धाव झाली, दुसरीसाठी तो पळत सुटला, फेक आली, स्टंप उडाले. आत की बाहेर, कोणालाच दिसलं नाही. पंचांनी हवेत चौकोन काढला. मी माइकवर म्हणाले, आता सगळ्यांचे डोळे रूपेशदादांच्या टेबलाकडे. पप्पांनी रिप्ले मागे घेतला, पाय क्रीजजवळ येताना दिसला, आणि पडदा काळा झाला.

आधी वाटलं वीज गेली. पण हॅलोजन चालूच होते. मग वास आला, चुलीला प्लास्टिकची बादली टेकावी तसा. पप्पांनी झटकन वायर खेचली. पेटीच्या काचेआड धूर कोंडला होता.

रिप्ले गेला तो गेलाच. पंचांनी डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर बाद दिलं. पोशीर जिंकलं.

वावोशीचा कॅप्टन संतोष आमच्या टेबलापाशी आला. आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं, पण तो अगदी हळू बोलला. "रूपेशदा, तुमी असं कराल असं नव्हतं वाटलं." एवढंच म्हणाला आणि गेला. पप्पा त्याच्या मागे चार पावलं गेले, कार्ड जळलं रं, असं सांगत राहिले, तो वळला नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. आपल्याच पोशीरच्या पोरांनी येऊन पप्पांना खांद्यावर घेतलं. "बरा येळेवर बंद केलास, दादा," एक जण म्हणाला आणि डोळा मारला. पप्पा म्हणाले, अरे मी नाय बंद केला. पोरं हसली, हो हो म्हणाली, आणि त्यांना नाचवत फिरवू लागली. खांद्यावर बसलेल्या माझ्या बापाचं तोंड मी खालून बघत होते. चोरी न करता चोर म्हणून मिरवणूक निघाली तर माणसाचं तोंड कसं होतं, ते मला आता माहीत आहे.

महिन्याभरात खालापूरकडे म्हणच पडली. पत्त्यांत कोणी लबाडी केली की म्हणायचे, पोशीरचा रिप्ले दिलास काय रं. ऋतिकाच्या खोपोलीच्या मावसभावाने तिला हे हसत हसत सांगितलं, आणि तिने मला. ती हसत नव्हती. वावोशीच्या दोन हळदी पप्पांकडे ठरल्या होत्या, त्यांनी दुसरा शूटिंगवाला बघितला.

पप्पांचा मात्र टॉरॉनवर भरवसा. कार्ड हरेशकाकांमार्फत कंपनीकडे गेलं, आणि पप्पा रोज जेवताना तेच सांगायचे. कंपनी तपासणार, कार्डात दोष होता असं लिहून देणार, मग तो कागद घेऊन मी वावोशीला संतोषच्या घरी जाणार. नवीन कार्ड मिळेल का, हे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना तो कागद हवा होता.

कागद आला. त्यावर लिहिलं होतं की कार्डावर पिवळी व लाल भुकटी आढळली, ग्राहकाने कार्ड चुकीच्या पद्धतीने हाताळलं, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. जळकं कार्डही परत आलं. हरेशकाकांनी खांदे उडवले आणि म्हणाले, रूपेश, हळदकुंकू कोण लावतो रं त्याला आतून.

पप्पा त्यांच्यावर रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "आपलंच चुकलं असंल. कंपनी कशाला खोटं बोलंल?"

त्या क्षणी मला टॉरॉनचा असा राग आला की मी जेवले नाही, आणि मी कधी जेवत नाही असं होत नाही. नाव त्यांनी घालवलं होतं, ठपका त्यांनी ठेवला होता, आणि हा माणूस त्यांचीच बाजू घेत होता. मी ते कार्ड ओटीवर उन्हात घेऊन बसले. हळदकुंकवाचे दोन ठिपके कार्डाच्या पाठीवर एका टोकाला अजून दिसत होते, साधे तडकलेलेही नव्हते. आणि जळलं होतं दुसऱ्या टोकाला, जिथे वीज आणणारी वायर खोचतात तिथे. तो सगळा खोबणीचा भाग वितळून तपकिरी झाला होता. हळद काय चालत गेली होती तिकडे? मी पप्पांना दाखवलं. ते म्हणाले, आत उडाली असंल भुकटी, राहू दे, हर्षे.

परिवार ग्रुपवर मी पप्पांच्या फोनवरून लक्ष ठेवायला लागले. एकदा कोणीतरी 'कार्ड जळलं' असं लिहून फोटो टाकला. तो उघडायच्या आत दिसेनासा झाला, आणि 'एक सदस्य काढला गेला' असं आलं. म्हणजे आमच्यासारखं अजून कोणीतरी होतं. कोण, ते मात्र कळलं नाही.

आणि मग निमंत्रण आलं. टॉरॉन परिवाराचा स्नेहमेळावा, खालापूरच्या रिसॉर्टमध्ये, सहकुटुंब. नवीन कार्ड दाखवणार होते आणि जुन्या एकनिष्ठ ग्राहकांचा सत्कार करणार होते. यादीत पप्पांचं नाव पहिलं. ती यादी कार्ड जळायच्या आधीच झाली असणार, कारण माणूस कितीही निर्लज्ज असला तरी त्यालाही काही मर्यादा असते. आई म्हणाली, मी नाय येत, माझं तोंड गप्प नाय बसायचं. पप्पा म्हणाले, साहेब भेटंल तर नीट समजावून सांगीन. त्यांना अजून तो कागद मिळेल असं वाटत होतं. आईच्या जागी मी गेले, आणि पनीर आणि आइस्क्रीम आहे हे कळल्यावर ऋतिका आणि दीक्षिताही टेंपोत चढल्या. पैज वाटेतच लागली.

हॉल लाल दिव्यांनी रंगवला होता. साहेब पुण्याहून आले होते, सगळे त्यांना निखिल सर म्हणत होते. त्यांनी नवीन कार्डावरचा कपडा ओढला तेव्हा मशीनमधून पांढरा धूर सोडला. कार्ड आणि धूर एकत्र बघून ऋतिकाला असं हसू फुटलं की तिने तोंडात ओढणी कोंबली. मग सत्कार सुरू झाले. पप्पांना शाल, श्रीफळ, टाळ्या. दोन शब्द बोला म्हणून माइक दिला, तर पप्पांनी तो तोंडाजवळ नेलाच नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस तो. त्यांनी मला खालून वर बोलावलं आणि म्हणाले, "ही बोलंल. हिला सवय हाय."

बिचारे पप्पा. त्यांना वाटलं मी आभार मानीन.

मी विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरी कुठल्या कंपनीचं कार्ड आहे. साहेब हसले आणि म्हणाले, अर्थात टॉरॉनचंच, बेटा. मग मी विचारलं, मग ते कधी जळलं. हॉलमध्ये थोडा हशा झाला. बाजूला उभे असलेले हरेशकाका मला हाताने खाली उतर, खाली उतर करत होते. साहेबांनी पप्पांकडे नीट बघितलं, आणि त्यांना आठवलं.

"अच्छा, ते हळदकुंकूवाले तुम्हीच का," साहेब म्हणाले. मग हॉलकडे वळून हसत, "मंडळी, कार्ड म्हणजे काय देवघर आहे? आम्ही टेक्नॉलॉजी विकतो. अंधश्रद्धेवर वॉरंटी नसते."

आणि ते हशाची वाट बघत थांबले.

हशा काही आला नाही. निखिल सर हुशार असतील, पण समोर कोण बसलंय हे त्यांनी बघितलं नव्हतं. कर्जत-खालापूरचे शूटिंगवाले, फ्लेक्सवाले, सायबर कॅफेवाले, डीजेवाले, सगळी हाताने कमावणारी माणसं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर स्वतःच्या लाल टी-शर्टाकडे खाली वाकून बघितलं.

मला तेव्हा शेवटच्या ओव्हरला चढतं तसं चढलं. मी माइक घट्ट धरला आणि म्हणाले, खंडेनवमीला ज्यांनी ज्यांनी आपल्या मशीनला हळदकुंकू लावलं, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळा हॉल. मी म्हणाले, आता ज्यांचं कार्ड नीट चाललंय त्यांनी हात खाली घ्या. बरेच हात खाली आले, आणि काही वरच राहिले. ते वर राहिलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यांना प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. मी विचारलं, कुठे जळलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, वायर खोचतात तिथे.

साहेब म्हणाले, बघा, म्हणजे हळदकुंकूच. मला हेच हवं होतं. मी म्हणाले, आता एक शेवटचं. ज्यांनी हळदकुंकू लावलंच नाही आणि तरी जळलं, असं कोणी आहे का? हे मात्र मी अंधारात टाकलेलं होतं. कोणी उठलं नसतं तर मी तिथेच बाद होते.

मागच्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा राहिला. खोपोलीचे इरफानचाचा, त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, हे मला नंतर कळलं.

"पोरी, आमच्यात हळदकुंकू नाय लावत," ते म्हणाले. "तरी माझं जळलं. त्याच जागी. फोटो टाकला ग्रुपवर, तर या हरेशने मलाच काढला."

मग हॉल हसला. असा हसला की साहेबांच्या हातातल्या माइकमधूनही तो हशा परत यायला लागला. साहेबांनी जेवणाची घोषणा केली. मी स्टेजवरून उतरले ती थेट आइस्क्रीमच्या टेबलाकडे गेले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात गोड आइस्क्रीम होतं, तिन्ही वाट्या.

दीक्षिता म्हणाली, तू राक्षसीण आहेस. मी म्हणाले, धन्यवाद.

परतीच्या वाटेवर पप्पा टेंपो चालवत होते. शाल तशीच खांद्यावर, काढायचं भान नव्हतं. चौक फाटा गेल्यावर म्हणाले, "साहेबाला एवढं चारचौघात नको होतं गं बोलायला." मला वाटलं टेंपोतून उडी मारावी.

ऋतिकाने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. मी ते आमच्या मॅचच्या चॅनेलवर टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं. पुढचे काही दिवस मी हवेत होते, खरं सांगते. "कार्ड म्हणजे काय देवघर आहे" हे वाक्य पोरं शाळेत साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवायची. नेरळला एका रिक्षावाल्याने काचेवरचा लाल पंखा अर्धा खरवडलेला मी बघितला आणि थांबून बघत राहिले. हरेशकाका ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकायचे, ते बंद झाले. त्यांच्या दुकानावरून जाताना मी मुद्दाम हात केला. वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

पण वावोशीकडून काही आलं नाही. पप्पा फोन बघायचे, ठेवायचे. शेवटी इरफानचाचांनी संतोषला गाठलं, आणि त्याचं उत्तर मला फोन करून सांगितलं. संतोष म्हणाला होता की व्हिडिओ बघितला, दुसऱ्यांची कार्डं जळली हे पटलं. पण रूपेशदाच्या कार्डाबद्दल कंपनीचा साहेबच त्या व्हिडिओत सांगतो की चूक त्यांची. कार्डच खराब होतं असं कंपनीने स्वतः म्हटलं तर मी पोरांना सांगेन. म्हणजे हसं झालं साहेबाचं, आणि ठपका राहिला पप्पांवर.

रविवारी सकाळी हरेशकाका घरी आले. हातात टॉरॉनचं मोठं खोकं, त्या धुरातून निघालेलं नवीन कार्ड. आईने चहा दिला, साखर कमी-जास्त विचारली नाही. काका खोकं पप्पांसमोर ठेवून म्हणाले, कंपनीने पाठवलंय, फुकट. तुला फक्त एक छोटा व्हिडिओ करायचा. हळदकुंकवामुळे झालं, माझी चूक होती, तरी कंपनीने मोठ्या मनाने बदलून दिलं. आणि हर्षलाने आधीचा व्हिडिओ काढून टाकायचा. बस्स.

पप्पांनी खोक्यावर हात ठेवला. लाल पंख्याच्या चित्रावरून त्यांचं बोट फिरत होतं, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरावं तसं. मग त्यांनी विचारलं, "संतोषला दाखवायला कायतरी देतील का? कार्डच खराब होतं म्हणून?"

हरेशकाकांनी कपाकडे बघितलं. "तेच तर नाय देत, रूपेश."

संध्याकाळपर्यंत विचार करा म्हणून खोकं ठेवून ते गेले. आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिने घे म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. फक्त म्हणाली की हळदी तोंडावर आल्यात, परत लावलेल्या त्या आधीच्या जुन्या कार्डावर व्हिडिओला एक गाणं बसवायला अख्खा दिवस जातो, काय करणार ते तुम्ही ठरवा. पप्पा जमिनीकडे बघत होते. "लोक इसरतात," ते म्हणाले. "चार महिन्यांनी कोण इचारतो पोशीरचा रिप्ले?" आणि ते मला म्हणाले, हर्षे, मोबाइल आण, बघू कसा होतो तो व्हिडिओ.

कॅमेऱ्यासमोर कधी न आलेला माझा बाप पहिल्यांदा येणार होता, आणि येऊन सांगणार होता की मी चूक केली.

मी मोबाइल आणला नाही. मी खोकं उचललं आणि दाराशी ठेवलं. मग त्या दोघांसमोर उभी राहिले आणि माइकवर बोलते तशीच बोलले, फक्त हळू, कारण आता ऐकणारी दोनच माणसं होती.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. हे कार्ड आज परत जाणार, मी स्वतः कर्जतला नेऊन देणार. चॅनेलवरचा व्हिडिओ मी काढून टाकणार नाही, आणि चूक कबूल करणारा नवीनही करणार नाही. इरफानचाचा आणि मेळाव्यात हात वर राहिलेले पाच जण मंगळवारी अलिबागला ग्राहक आयोगात तक्रार घालायला जातायत, त्यांना मी आपलं नाव दिलंय. मला दुसरं कार्ड नकोय. टॉरॉनने लिहून द्यायचं की कार्ड वाईट होतं, रूपेशदादा नाही. तो कागद मी वावोशीला नेऊन संतोषदादाच्या हातात देणार. वर्ष लागो, दोन लागोत. सही तुमची लागेल पप्पा, कारण मी अजून अठराची नाही. पण तुम्ही नाही केलीत तर अठराची होईपर्यंत मी थांबीन, आणि मग मी करीन."